म्हणाले, सांगितले की कबूल केले? : सभेच्या इतिवृत्तातील क्रियापदांचा विचार

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे, प्रवरेच्या काठी, एका दगडी खांबाच्या दर्शनासाठी वर्षभर भाविक येत असतात. 'पैस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, गीतेवरील आपली टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. एकाने सांगावे, दुसऱ्याने लिहून घ्यावे आणि लिहिलेले ते पुढील पिढ्यांनी प्रमाण मानावे, हा व्यवहार या जिल्ह्याला सातशेहून अधिक वर्षे परिचयाचा आहे.

ज्या ग्रंथावर ही टीका आहे, तो ग्रंथही एक प्रकारचा वृत्तांतच होय. कुरुक्षेत्रावर कोण काय बोलले हे संजय धृतराष्ट्राला सांगतो. गीतेत बोलणारे चौघे आहेत. त्यांपैकी एक विचारतो, एक सांगतो, एक शोक करतो आणि एक उपदेश करतो. तथापि प्रत्येकाच्या बोलण्याआधी येणारे क्रियापद एकच आहे, 'उवाच'. अर्जुनाने धनुष्य खाली ठेवले तेथेही त्याने 'कबूल केले' किंवा 'नाकारले' असा शब्द संजयाने घातलेला नाही. बोलण्याचा अर्थ काय घ्यावयाचा हे बोललेल्या शब्दांवर आणि ऐकणाऱ्याच्या विवेकावर सोपविले आहे.

आज या जिल्ह्याच्या चौदा तालुक्यांत तेराशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. प्रत्येक ठिकाणी मासिक सभा होते; २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभा तर गावकऱ्यांच्या चांगल्याच परिचयाच्या आहेत. या सभांत संजयाचे काम ग्रामसेवक करीत आले आहेत. या पदाचे नाव २०२४ मध्ये ग्रामपंचायत अधिकारी असे झाले. काम तेच राहिले. दोन-अडीच तासांची सभा, एका वेळी चार-पाच जणांचे बोलणे, मध्येच उठलेला गोंधळ, आणि या सर्वांतून दोन-तीन पानांचे इतिवृत्त! ते लिहिताना विषय, ठराव आणि रकमा यांकडे पुरेसे लक्ष दिले जाते. 'म्हणाले', 'सांगितले', 'मान्य केले' ही क्रियापदे मात्र हाताला येतील तशी पडत जातात. पुढे तक्रार झाली, चौकशी लागली, की वाचणाऱ्याची नजर नेमकी त्यांच्यावर जाते.

एक कल्पित प्रसंग घेऊ. एका गावच्या सभेत नळपाणी योजनेच्या दुरुस्तीचा विषय निघाला. एका सदस्याने विचारले, "दुरुस्तीचं बिल निघालं का?" ग्रामपंचायत अधिकारी उत्तरले, "बिल दिलं आहे. काम अजून थोडं राहिलंय. पाइप यायचे आहेत." एवढेच झाले. आता हे उत्तर चार जणांनी चार प्रकारे लिहिले असे समजू. पहिला लिहितो, "बिल अदा केले असून काम अंशतः शिल्लक आहे, असे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी सांगितले." दुसरा लिहितो, "काम अपूर्ण असताना बिल अदा केल्याचे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी कबूल केले." तिसरा लिहितो, "ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी याबाबत खुलासा केला." चौथा लिहितो, "काम प्रगतिपथावर असल्याचे सांगण्यात आले."

चौघेही एकाच खोलीत बसले होते आणि चौघांनीही खोटे लिहिलेले नाही. तरीही दुसऱ्याच्या वाक्यात एक दोषी मनुष्य उभा राहतो, तिसऱ्याच्या वाक्यात काय घडले तेच कळत नाही, आणि चौथ्याच्या वाक्यातून बोलणारा आणि बिल दोन्ही नाहीशी होतात. वर्षभराने गटविकास अधिकाऱ्यांच्या मेजावर कागद येईल तेव्हा त्या सभेचा आवाज, चेहरे, पाइपांची अडचण यांपैकी काहीही उरलेले नसेल. उरलेले असेल ते क्रियापद.

साधी क्रियापदे

मराठीत दुसऱ्याचे बोलणे कळविण्यासाठी तीन मूळ क्रियापदे आहेत : म्हणणे, सांगणे आणि बोलणे. लहानपणापासून वापरात असल्याने त्यांतील भेद सहसा कोणी शिकवीत नाही.

'म्हणणे' या क्रियापदाचा रोख शब्दांवर असतो. बोलणाऱ्याने कोणते शब्द उच्चारले ते 'म्हणाला' या क्रियापदाने कळते. ते कोणाला उद्देशून होते हे सांगितलेच पाहिजे असे नाही. 'सांगणे' या क्रियापदाला मात्र ऐकणारा लागतो. सांगण्यात माहिती एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचते. 'बोलणे' हे कृतीचे नाव आहे. अमुक इसम सभेत बोलला एवढ्यावर वाक्य पुरे होते. काय बोलला ते आलेच पाहिजे असे नाही.

व्याकरणातही हे तिघे वेगळे वागतात. 'तो म्हणाला' आणि 'तो बोलला', परंतु 'त्याने सांगितले'. 'म्हणणे' दोन्हीकडे चालते, 'तो म्हणाला' आणि 'त्याने म्हटले'. लेखी वा विचारपूर्वक केलेल्या विधानासाठी दुसरे रूप अधिक शोभते. अहवालात 'म्हटले आहे' असे आपण लिहितो, 'अहवाल म्हणाला' असे लिहीत नाही.

'बोलणे' या क्रियापदाच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. 'सरपंच सदस्यांशी बोलले' म्हणजे चर्चा केली. 'सरपंच सदस्यांना बोलले' म्हणजे त्यांना रागावले. एका प्रत्ययाने अर्थ पालटतो. मुंबईकडील बोलण्यात 'तो मला बोलला की' असा प्रयोग आता सर्रास ऐकू येतो आणि तेथे त्यात रागावण्याचा भाग नसतो. नगर भागातील जुन्या माणसाला मात्र तो ऐकताच 'का बोलला, काय चुकले होते?' असा प्रश्न पडेल. इतिवृत्तात दुसऱ्या क्रियापदांची सोय असताना हा प्रयोग टाळलेला बरा.

'सांगणे' याचीही दोन तोंडे आहेत. 'बिल काढल्याचे सांगितले' यात माहिती आहे. 'बिल काढण्यास सांगितले' यात आज्ञा आहे. हस्तलिखितात 'काढल्याचे' आणि 'काढण्यास' यांत दोन अक्षरांचा फरक. बिल कोणाच्या सांगण्यावरून निघाले हा प्रश्न पुढे उपस्थित झालाच, तर या दोन अक्षरांवर एखाद्याची जबाबदारी ठरू शकते.

याखेरीज मराठीत 'म्हणे' हा एक विलक्षण शब्द आहे. 'पैसे आले म्हणे', 'रस्ता मंजूर झाला म्हणे'. सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेले नाही, ऐकलेले आहे आणि त्याची हमी तो देत नाही, एवढा सारा आशय या दोन अक्षरांत आहे. गावच्या सभेत निम्मी माहिती 'म्हणे'च्या रूपानेच येते. इतिवृत्त लिहिणारा 'म्हणे' ग्राम्य समजून गाळतो आणि "रस्ता मंजूर झाल्याचे सदस्यांनी सांगितले" असे लिहितो. शब्द गाळल्याने सदस्य न दिलेल्या हमीत अडकतो. "रस्ता मंजूर झाल्याचे ऐकिवात आहे, असे सदस्यांनी सांगितले" असे लिहिले म्हणजे 'म्हणे' गेले तरी त्याचा अर्थ राहतो. न्यायालयांनाही हा भेद महत्त्वाचा वाटतो. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, म्हणजे पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्यानेच सांगितली पाहिजे, हे तत्त्व १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे.

न्याय करणारी क्रियापदे

'म्हणाले' व 'सांगितले' ही क्रियापदे बोलण्याचा निवाडा करीत नाहीत. बोललेले खरे की खोटे, भले की बुरे, याविषयी ती मौन पाळतात. दुसरा एक वर्ग असा आहे, की त्यातील क्रियापद वापरताच लिहिणारा साक्षीदाराच्या जागेवरून उठून न्यायाधीशाच्या जागी जाऊन बसतो.

'निदर्शनास आणून दिले' हा शासकीय लेखनातील अत्यंत लाडका प्रयोग पाहावा. "गटाराचे काम निकृष्ट असल्याचे सदस्यांनी निदर्शनास आणून दिले." जे निदर्शनास आणून दिले जाते ते अस्तित्वात असतेच. म्हणजे काम निकृष्ट आहे हे इतिवृत्तानेच ठरविले. सदस्याने केवळ तसे म्हटले असेल आणि कोणी जाऊन पाहिले नसेल, तर 'काम निकृष्ट असल्याची तक्रार केली' एवढेच लिहिता येते. 'लक्षात आणून दिले', 'उघड केले', 'स्पष्ट केले' ही याच घरची माणसे. याउलट 'दावा केला' आणि 'आरोप केला' यांत लिहिणाऱ्याचा अविश्वास डोकावतो. एका बाजूच्या सदस्यांनी 'स्पष्ट केले' आणि दुसऱ्या बाजूच्या सदस्यांनी 'दावा केला' असे एकाच पानावर आले, की लिहिणाऱ्याचा कल कोणीकडे आहे हे वाचणाऱ्याला न सांगता कळते. वृत्तपत्रांतही हे दिसते. परंतु वृत्तपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, इतिवृत्ताचे पुस्तक कपाटात राहते.

'कबूल केले' हा या वर्गातील सर्वांत जड शब्द होय. कबूल केली जाते ती चूक. कायद्याच्या मराठीत 'कबुली' आणि 'कबुलीजबाब' हे दोन निरनिराळे शब्द आहेत. आपल्याविरुद्ध जाऊ शकेल अशी गोष्ट मान्य करणे ही कबुली. गुन्हा केल्याचे सांगणे हा कबुलीजबाब. पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, असा सर्वसाधारण नियम कायद्याने घालून दिला आहे. ज्या गोष्टीविषयी कायदा इतका जपून वागतो, ती इतिवृत्त लिहिणाऱ्याने हातासरशी लिहून टाकावी हे बरे नव्हे. "बिल दिलं आहे" हे माहितीचे उत्तर आहे. "माझी चूक झाली" असे शब्द सभेत प्रत्यक्ष उच्चारले गेले असतील, तर ते शब्दच अवतरणात द्यावेत. 'कबूल केले' म्हणण्याची गरज राहत नाही.

'खुलासा' या शब्दाची कहाणी थोडी निराळी आहे. बोलण्यात खुलासा म्हणजे उलगडा. कार्यालयात मात्र खुलासा 'मागविला' जातो आणि तो सहसा शिस्तभंगाच्या वाटेवरचा टप्पा असतो. त्यामुळे 'खुलासा केला' हे निरुपद्रवी असले, तरी 'खुलासा मागविला' असे लिहिताना सभेने खरोखर तसे ठरविले होते काय, हे पाहणे आवश्यक आहे. शिवाय केवळ 'खुलासा केला' एवढ्यावर थांबणे म्हणजे काय सांगितले ते न सांगणे.

'सांगण्यात आले', 'कळविण्यात आले', 'आश्वासन देण्यात आले' या प्रयोगांचे काय करावे? कार्यालयीन पत्रात ते रूढ आहेत आणि तेथे सही करणाराच बोलणारा असल्याने फारसे बिघडत नाही. इतिवृत्तात मात्र कोण बोलले हाच मुख्य प्रश्न असतो. "निधी लवकरच मिळेल असे सांगण्यात आले", यातील निधी न मिळाल्यास जाब कोणाला विचारावयाचा? आश्वासनाच्या बाबतीत संसदेने घेतलेली काळजी येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पुरी होतात की नाही हे पाहण्यासाठी लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासन समिती काम करीत आहे, आणि कोणता वाक्प्रयोग आश्वासन समजावा याची यादीच तयार ठेवण्यात आली आहे. 'विषय विचाराधीन आहे' आणि 'मी यात लक्ष घालीन' हे सौम्य वाटणारे प्रयोगही त्या यादीत आहेत. महाराष्ट्र विधानमंडळातही आश्वासन समिती आहे. गावच्या सभेत अशी यादी कोणी करणार नाही. परंतु 'प्रयत्न करू' असे म्हटलेल्या सरपंचांनी 'आश्वासन दिले' असे लिहू नये, आणि 'पुढच्या महिन्यात करून देतो' असे म्हटलेल्यांनी 'प्रयत्न करण्याचे सांगितले' असेही लिहू नये.

तीन शब्द, अनेक अर्थ

जिल्ह्यातील वाद उच्च न्यायालयात गेला, की तो छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठापुढे जातो. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. म्हणून मराठी इतिवृत्ताचे भाषांतर करावे लागते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ मुळे राज्याचा कारभार मराठीत आला, भाषा संचालनालयाने परिभाषा सिद्ध केली, तरी या एका दारातून इंग्रजी आत येतेच. भाषांतरकार सभेला हजर नसतो. त्याच्यापुढे कागद असतो आणि त्या कागदावरील काही मराठी क्रियापदांना इंग्रजीत दोन-दोन, तीन-तीन प्रतिशब्द असतात. कोणता घ्यावा हे त्याला अंदाजाने ठरवावे लागते.

पहिला शब्द 'मान्य करणे'. सभेने अंदाजपत्रक मान्य केले, तेथे इंग्रजीत 'अप्रूव्ह'. सरपंचांनी सूचना मान्य केली, तेथे 'अ‍ॅक्सेप्ट'. दुसऱ्याचे मत पटल्याचे मान्य केले, तेथे 'अ‍ॅग्री'. आणि उशीर झाल्याचे मान्य केले, तेथे 'अ‍ॅडमिट'. "सरपंचांनी कामाचा विलंब मान्य केला" या वाक्यात विलंब झाला हे त्यांनी स्वीकारले, की ठेकेदाराला मुदत वाढवून दिली? दोन्ही अर्थ निघतात. पहिल्यात सरपंचांचा दोष आहे, दुसऱ्यात ठेकेदाराचा फायदा आहे. "विलंब झाल्याचे मान्य केले" किंवा "मुदतवाढ मंजूर केली", यांपैकी खरे असेल ते लिहिले, तर भाषांतरकारावर अंदाज करण्याची पाळी येत नाही.

दुसरा शब्द 'नाकारणे'. आरोप नाकारणे म्हणजे तो खरा नाही असे म्हणणे; इंग्रजीत 'डिनाय'. काम करण्यास नाकारणे म्हणजे नकार देणे, इंग्रजीत 'रिफ्यूज'. अर्ज नाकारणे म्हणजे फेटाळणे, 'रिजेक्ट'. "सदस्यांनी सही नाकारली." आपण सही करणार नाही असे ते म्हणाले, की कागदावरची सही आपली नव्हे असे म्हणाले? पहिला असहकार आहे, दुसऱ्यात बनावट सहीचा आरोप दडलेला आहे. मराठीत हा घोळ टाळण्याची साधने हाताशी आहेत : 'सही करण्यास नकार दिला' आणि 'सही आपली नसल्याचे सांगितले'.

तिसरा शब्द 'सूचना'. मराठी कारभारातील हा सर्वांत कष्टाळू शब्द असावा! सदस्य सूचना 'करतात', तेव्हा तो सल्ला असतो. वरिष्ठ अधिकारी सूचना 'देतात', तेव्हा ती आज्ञा असते. कार्यालय सूचना 'लावते', तेव्हा ती नोटीस असते. आणि सभेत सूचना 'मांडली' जाते, तेव्हा तो प्रस्ताव असतो. म्हणूनच ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक अशी नावे येतात. 'सूचना करण्यात आली' या एका वाक्यातून इंग्रजीत 'सजेस्ट', 'इन्स्ट्रक्ट', 'नोटिफाय' आणि 'प्रपोज' या चारही दिशांना जाता येते. विस्तार अधिकाऱ्यांनी दप्तराची पाहणी करून 'सूचना केल्या' असे लिहिले, तर त्या पाळल्या नाहीत याबद्दल कोणाला दोष देणे कठीण जाईल. 'सूचना दिल्या' असे लिहिले, तर त्या पाळणे बंधनकारक ठरते.

ठराव आणि आवाहन यांतील भेदही याच जातीचा आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे मोकाट चराई, वृक्षतोड आणि शेतीसाठी बोअरवेल यांवर गावाने बंदी घातली. ही बंदी टिकली याची कारणे अनेक आहेत. पण गावाने ते 'ठरवले' होते, केवळ 'आवाहन केले' नव्हते, हे त्यांपैकी एक कारण होय. आवाहन न ऐकणारा नियम मोडीत नसतो.

न्यायालयांच्या संदर्भात एक गमतीची गोष्टही नमूद करण्यासारखी आहे. महाराष्ट्रातील न्यायालयांत विरुद्ध पक्षाच्या अर्जावर द्यावयाच्या उत्तराला वकीलमंडळी 'से' म्हणतात. 'से दाखल केला', 'से साठी तारीख पडली' हे शब्द पक्षकारांच्याही तोंडी बसले आहेत. इंग्रजीतील हे साधे क्रियापद आपल्याकडे नाम होऊन बसले ते बहुधा आपल्या 'म्हणणे' या शब्दामुळे. 'तुमचे म्हणणे काय?' असे विचारले जाते, त्याचे 'म्हणणे' इंग्रजीत गेले आणि 'से' होऊन परत आले, असे वाटते.

शाळेच्या फळ्यावर

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. त्यामुळे 'से' आणि 'टेल' यांतील गोंधळ पूर्वी पाचवीत भेटत असे, तो आता त्याआधीच भेटतो. शिक्षक चूक दुरुस्त करतात. परंतु ती का होते हे मुलांना सांगितले जात नाही, आणि म्हणून ती पुन्हा होते.

मुलगा 'ही सेड मी' असे लिहितो, कारण तो मनात 'तो मला म्हणाला' असे म्हणत असतो. मराठीत 'म्हणणे'पुढे 'मला' बिनदिक्कत येते. इंग्रजी 'से'ला ऐकणारा माणूस थेट चालत नाही; 'टु' हा दुवा लागतो, 'ही सेड टु मी'. 'टेल'ला उलट ऐकणारा हवाच असतो आणि तो थेट हवा असतो, 'ही टोल्ड मी'. म्हणून 'ही टोल्ड दॅट' हे अपुरे; कोणाला सांगितले? मराठीत 'त्याने सांगितले की' एवढे पुरते, म्हणून ही दुसरी चूक. गोष्ट सांगणे, खरे सांगणे, खोटे सांगणे अशा ठरावीक प्रयोगांत मात्र 'टेल' ऐकणाऱ्याविना चालते. 'म्हणणे' बरोबर 'से' आणि 'सांगणे' बरोबर 'टेल' अशी जोडी लावून दिली, तर अर्थापुरती ती बहुतेक ठिकाणी उपयोगी पडते; 'मला' कोठे व कसा येतो एवढेच वेगळे शिकवावे लागते.

'बोलणे' साठी 'स्पीक' आणि 'टॉक' हे दोन शब्द आहेत. भाषा बोलली जाते तेथे 'स्पीक'. सभेत उभे राहून बोलणे तेथेही 'स्पीक'. दोघांचे आपसांतले बोलणे तेथे 'टॉक'. येथे मुलांना फारसा त्रास पडत नाही.

मोठ्यांच्या चुका दुसऱ्या प्रकारच्या असतात. 'तहसीलदारांना कळविले' याचे 'इन्फॉर्म्ड टु द तहसीलदार' होते. आपला 'ना' प्रत्यय तेथे 'टु' होऊन शिरतो, वास्तविक 'इन्फॉर्म'ला तो नको असतो. 'विषयावर चर्चा केली' याचे 'डिस्कस्ड अबाउट' होते. तेथेही 'अबाउट' जास्तीचा. याउलट 'मला समजावून सांगितले' याचे 'एक्स्प्लेन्ड मी' होते, जेथे 'टु' हवाच असतो. 'मला जाण्याचे सुचविले' हे 'सजेस्टेड मी टु गो' असे लिहिले जाते. इंग्रजीत 'सजेस्ट'ने माणसाला कामाला लावता येत नाही. काय करावे ते 'दॅट' लावून सांगावे लागते.

याहून खोल भेद सर्वनामाचा आहे. मराठीत दुसऱ्याचे बोलणे आपण पुष्कळदा जसेच्या तसे ठेवतो. 'मी उद्या येईन, असे तो म्हणाला.' यातील 'मी' म्हणजे 'तो', हे ऐकणाऱ्याला कळते. इंग्रजीच्या अप्रत्यक्ष कथनात 'मी'चा 'तो' करावा लागतो आणि काळही सहसा मागे न्यावा लागतो. मराठीत काळ मागे न्यावा लागत नाही. 'तो आजारी आहे असे म्हणाला' हेच शुद्ध. इंग्रजी शिकलेल्या मंडळींनी 'तो आजारी होता असे म्हणाला' असे लिहिले, की मराठीत अर्थ बदलतो. तो आता बरा आहे असे वाटू लागते. सर्वनामाची ही मराठी मोकळीक बोलण्यात गोड असली, तरी इतिवृत्तात अडचण करते. "उपसरपंचांनी सांगितले की मी धनादेशावर सही केलेली नाही." हा 'मी' उपसरपंच, की लिहिणारा अधिकारी? इतिवृत्तात 'मी' येऊच न देता 'आपण' वापरणे, अथवा पदनाम पुन्हा लिहिणे, हाच सुरक्षित मार्ग होय. वाक्य थोडे अवजड झाले तरी चालेल.

वाचून कायम करणे

सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय ठरलेला असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. पुष्कळ ठिकाणी तो अर्ध्या मिनिटात आटोपतो. 'वाचले, कायम केले' एवढे म्हणून सभा पुढील विषयाकडे वळते, कारण सर्वांना घाई असते ती नव्या कामांची. आपल्या तोंडी कोणते क्रियापद घातले गेले आहे हे पाहण्याची सदस्याला मिळणारी हीच पहिली संधी असते, आणि पुष्कळदा शेवटचीही.

पूर्वी हे पुस्तक गावच्या कपाटाबाहेर क्वचित पडत असे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी केलेली आंदोलने, २००२ चा राज्याचा कायदा आणि त्यानंतर १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आलेला केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम यांमुळे आता कोणीही नागरिक इतिवृत्ताची प्रत मागू शकतो. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये 'सभासार' हे साधन सुरू केले; सभेच्या ध्वनिमुद्रणावरून ते इतिवृत्ताचा मसुदा तयार करते. यंत्र भराभर लिहील हे खरे. परंतु 'बिल दिलं आहे' या उत्तरापुढे ते 'सांगितले' घालते, 'कबूल केले' घालते की 'स्पष्ट केले' घालते, हे सही करण्यापूर्वी कोणीतरी पाहावेच लागेल.

मसुदा वाचताना करावयाची तपासणी फार वेळ घेणारी नाही. प्रत्येक 'सांगण्यात आले' पाशी थांबून कोणी सांगितले ते लिहावे. 'निदर्शनास आणले', 'स्पष्ट केले', 'कबूल केले' ही क्रियापदे दिसतील तेथे त्याऐवजी 'सांगितले' घालून वाक्य पुन्हा वाचावे. आशय तसाच राहिला, तर 'सांगितले'च ठेवावे. 'मान्य', 'नाकारले' आणि 'सूचना' यांपाशी दोन अर्थ निघतात का ते पाहावे.

इतिवृत्त वाचून दाखविल्यावर एखाद्या सदस्याने "मी कबूल केलं नव्हतं, सांगितलं होतं" अशी हरकत घेतली, तर ती शब्दांचा खेळ समजून उडवून लावू नये. सभेला ती पटल्यास चुकीच्या शब्दावर एकच रेघ ओढावी, म्हणजे खालचा शब्द वाचता येईल. वर दुरुस्त शब्द लिहावा. बाजूला अध्यक्षांची आणि लिहिणाऱ्याची सही तारखेसह घ्यावी. आणि त्या दिवशीच्या इतिवृत्तात ही दुरुस्ती कोणाच्या हरकतीवरून झाली, तेही लिहावे. सभेला ती पटली नाही, तर मूळ शब्द राहू द्यावा आणि अमुक सदस्यांनी अशी हरकत घेतली, एवढे लिहावे.